आडनाव चांदोरकर, मूळ गाव चांदवड? खापरपणजोबांचा माग नाशकात कुठून सुरू करावा?

वाडा_तिवंधा:
नमस्कार मंडळी. आमचं आडनाव चांदोरकर. तीन पिढ्या जुन्या नाशकात गेल्या, त्याआधीचं नीट कुणालाच माहीत नाही. हातात आहे ते एवढंच: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला (जन्म १९३१, नाशिक), वाड्याचं मालमत्ता पत्रक, पणजोबांचं नाव आणि खापरपणजोबांचंही नुसतं नावच. घरात सांगतात की आपण मूळचे चांदवडचे, १८९९-१९०० च्या दुष्काळात गाव सुटलं, आडनाव तेव्हा वेगळं होतं, आणि आपल्याकडे देशमुखी होती. कुलदैवत चांदवडची रेणुकामाता. गावाकडे जमीन असल्याचं कुणी कधी बोललेलं नाही.

खापरपणजोबा कोण, कुठले, आणि चांदोरकर व्हायच्या आधी आडनाव काय होतं, हे कागदावर सापडावं अशी इच्छा आहे. कुठल्या कार्यालयात, कोणत्या क्रमाने जावं आणि काउंटरवर नेमकं काय मागावं? रामकुंडावरच्या उपाध्यांकडे वह्या असतात असं ऐकलंय, त्यांचा कितपत उपयोग होतो? मोडी येत नाही.

फेरफार_क्रमांक:
आडनाव तूर्त बाजूला ठेवा. शोध माहितीतल्या माणसापासून एकेक पिढी मागे न्यायचा. खापरपणजोबांवर थेट उडी मारली की त्याच नावाचा भलताच माणूस हाती लागतो. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आहे, त्यामुळे एकाच घरात ‘तुकाराम वलद राणू’ (म्हणजे राणूचा मुलगा तुकाराम) आणि ‘राणू वलद तुकाराम’ आलटून पालटून येतात, आणि चुलत घरांतही तीच नावं असतात. नाव, बाप, गाव आणि साल हे चारही जुळलं तरच तो आपला माणूस समजा.

पहिली शाळा. दाखल्यावर थांबू नका, जनरल रजिस्टरातली मूळ ओळ डोळ्यांनी बघा. दाखला ही नक्कल असते आणि नक्कल करताना कारकून आडनाव, जात, कधी कधी बापाचं नावही आपल्या परीने ‘सुधारतो’. मूळ ओळीत जन्मस्थळ आणि आधीची शाळा असते, रकाना भरलेला असला तर. शाळा दुसरीत विलीन झाली असेल तर रजिस्टरं तिकडे गेलेली असतात. पालिकेची शाळा असेल तर महापालिकेच्या शिक्षण विभागात विचारा.

मग वाडा. मालमत्ता पत्रक आहे ही मोठी जमेची बाजू. त्यावरचा सिटी सर्व्हे नंबर घेऊन नगर भूमापन कार्यालयात ‘चौकशी नोंदवहीचा उतारा’ मागा. नुसतं ‘जुना उतारा द्या’ म्हणालात तर पुन्हा मालमत्ता पत्रकच हातात ठेवतील. पत्रकावर नंतर झालेले बदल असतात. चौकशी नोंदवहीत मात्र सिटी सर्व्हे झाला तेव्हा जागा कुणाकडे होती आणि त्याच्याकडे ती कशी आली हे लिहिलेलं असतं: वडिलार्जित, खरेदी, भाडेपट्टा वगैरे. खरेदी असेल तर दस्ताचं साल आणि नंबर टिपून घ्या आणि दुय्यम निबंधकाकडे नकलेचा अर्ज करा. नंबर नसेल तर सूचीतून शोधावं लागतं. सूची एक नावांची आणि सूची दोन मिळकतीची, दोन्ही सालवार. तुम्हाला मिळकत माहीत आहे तेव्हा सूची दोन बघा.

एवढा खटाटोप कशासाठी? जुन्या दस्तात घेणाऱ्याचं वर्णन ‘मूळ राहणार मौजे अमुक, तालुका तमुक, हल्ली मुक्काम नाशिक’ असं बऱ्याचदा पूर्ण दिलेलं असतं. तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर त्या एका ओळीत मिळू शकतं, आणि पुष्कळ जण नेमकी हीच पायरी गाळतात.

तिसरी मृत्यूनोंद. नाशिक नगरपालिका १८६४ ची, तिची जुनी दप्तरं आता महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाकडे. वही नावावार नसते, नोंदीच्या तारखेने चालते. ‘पणजोबांचा दाखला द्या’ असं म्हणून काही मिळत नाही. तीन-चार सालांचा टप्पा लिहून द्यावा लागतो. नोंदीतलं वय दहाच्या पटीत गोळा केलेलं असतं, ‘६०’ म्हणजे ५५ ते ६७ काहीही, तेव्हा त्यावरून जन्मसाल काढून ते पक्कं मानू नका. मृत्यू देवळाली छावणीच्या हद्दीत झाला असेल तर नोंद कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे.

एवढं झाल्याशिवाय चांदवडची गाडी धरू नका.

घाटमाथा:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी आडनावापुरतं लिहितो.

‘कर’ लागलेलं आडनाव साधारणपणे गाव सोडल्यावर चिकटतं. चांदवडात राहणाऱ्या माणसाला चांदवडात कुणी चांदोरकर म्हणत नाही, ते म्हणतात पुढच्या गावचे लोक. म्हणजे दुष्काळाची गोष्ट खरी धरली तर १९०० च्या आधीच्या चांदवडच्या कागदात हे आडनाव शोधणं व्यर्थ. तिथे तुमचा माणूस नुसता नाव, बाप आणि जात एवढ्यावर असेल, फार तर जुन्या आडनावाने. उलट, १८८० च्या नाशिकच्या एखाद्या कागदात ‘चांदोरकर’ सापडलं तर दुष्काळाची गोष्ट तुमच्या घराची नव्हे, किंवा स्थलांतर त्याआधीचं.

दुसरं म्हणजे कुठलं चांदोर? इंग्रजी अमदानीत चांदवडला सर्रास चांदोर लिहीत, तालुकाही चांदोरच. पण निफाड तालुक्यात गोदाकाठी चांदोरी आहे, तिथून आलेलाही चांदोरकर होऊ शकतो. कोकणातही चांदोर नावाचं गाव आहे. आणि एकाच गावातून बाहेर पडलेल्या वेगवेगळ्या जातींच्या घरांनी हेच आडनाव घेतलेलं असतं, त्यामुळे आडनाव एक म्हणून भाऊबंद समजायचं कारण नाही. रेणुकामाता कुलदैवत असणं चांदवडच्या बाजूने जातं, पण तेवढ्यावर शिक्का मारू नका. आजूबाजूच्या तालुक्यांतही तिला मानणारी घरं आहेत. गोत्राचा तर इथे काहीच उपयोग नाही, एका गोत्रात शेकडो कुळं.

जिल्ह्यांच्या हद्दीही लक्षात ठेवा. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला. त्याआधी चांदवड, निफाड, सिन्नर, दिंडोरी हा भाग अहमदनगर जिल्ह्यात होता, तर मालेगाव, बागलाण, नांदगाव खानदेशात. पुराभिलेखागारात १८६९ पूर्वीचं काही मागायचं तर अहमदनगरच्या नावाखाली मागा. त्याही मागे, १८१८ पर्यंत, चांदवड होळकरांकडे होतं. त्यामुळे पुण्याच्या पेशवे दफ्तरात चांदवडच्या गावकीचं सगळं सापडेल अशी आशा धरू नका.

गोदाघाट:
उपाध्यांच्या वह्यांबद्दल. उपयोग होतो, पण कशाचा होतो ते आधी समजून घ्या. वहीतली तारीख ही यजमान नाशकात आल्याची, जन्माची किंवा मृत्यूची नव्हे. अस्थी घेऊन, श्राद्धाला, सिंहस्थाला जो आला त्याने आपलं नाव, बापाचं, आजाचं, भावांची, मुलांची नावं, गाव आणि आडनाव लिहून दिलं, किंवा उपाध्यांनी लिहून घेऊन खाली सही किंवा अंगठा घेतला. भावांची नावं एकत्र मिळणं हा मोठा फायदा, सरकारी कागदात ती सहसा विखुरलेली असतात.

जायची वेळ नीट निवडा. सकाळी घाटावर दशक्रिया चाललेल्या असतात आणि पितृपक्षात, अमावास्येला तर कुणाला मान वर करायला फुरसत नसते. साध्या दिवशी दुपारनंतर जा. आधी कुठल्याही गुरुजींना गाव, तालुका, जात आणि आडनाव सांगा, ‘हे गाव कुणाकडे?’ एवढंच विचारा. ते नाव सांगतील, मग त्यांच्या घरी जा. तुमच्या बाबतीत अडचण अशी की तुम्ही आता नाशिककर. स्थानिक घराची नोंद यात्रेकरूसारखी पडत नाही. म्हणून ‘चांदोरकर, नाशिक’ असं विचारू नका, ‘चांदवडची वही’ मागा आणि खापरपणजोबांच्या नावाने बघा. गाव सोडण्यापूर्वीचं घराणं तिथेच असणार, जुन्या आडनावाने.

नाही म्हणाले म्हणजे नाहीच असं धरू नका. उपाध्यांच्या घरातही वाटण्या होतात, गावं आणि वह्या भावाभावांत विभागल्या जातात. ‘मग तुमच्या भाऊबंदांत हे गाव कुणाकडे गेलं?’ हा पुढचा प्रश्न.

सिंहस्थाची सालं चाळायला सांगा: २०१५, २००३, १९९१-९२, १९७९-८०, तसंच बारा-बारा वर्षांनी मागे. गावंच्या गावं तेव्हा आलेली असतात. त्र्यंबकेश्वरची वही निराळी. तुमच्याकडे कुणी नारायण नागबळी किंवा त्रिपिंडी तिथे केली असेल तर तिथल्या गुरुजींकडे वेगळं विचारावं लागेल.

फोटो काढण्याआधी विचारा. वही त्यांची आहे, काही जण पान दाखवतात पण फोटो काढू देत नाहीत. अशा वेळी ओळ जशीच्या तशी उतरवून घ्या, शुद्धलेखन न सुधारता. दक्षिणा ठरलेली नसते, पण जुनी वही माळ्यावरून काढून तासभर चाळायला लावली तर हात आखडू नये. आणि निघताना तुमची आजची पिढी लिहून द्या, बायकामुलींच्या नावांसकट. जुन्या नोंदींत बायका फार कमी सापडतात.

वाडा_तिवंधा:
फार उपयोगी माहिती, आभार. चांदवडला जमीन नाही म्हटल्यावर तहसीलला जाऊन काही हाती लागेल का? सातबाराच नाही तर शोधणार कशावर?

फेरफार_क्रमांक:
आज नाही म्हणजे कधीच नव्हती असं नाही. दुष्काळात गाव सोडणारा एक तर जमीन सावकाराला गहाण टाकून जाई, नाहीतर सारा झेपत नाही म्हणून सरकारला राजीनामा देई. मग दुसरा कबुलायत देऊन तीच जमीन घेई. हे राजीनामे-कबुलायती जुन्या गाव दप्तरात असतात, मिळाल्या तर. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे १९०० पूर्वी गाव सोडलेल्या माणसाचा फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) शोधू नका. मागे राहिलेल्या त्याच्या भावाचा किंवा पुतण्याचा शोधा.

क्रम असा ठेवा. ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर नाव नोंदवा, नाशिक जिल्हा त्यावर आहे. कार्यालय, तालुका, गाव आणि अभिलेखाचा प्रकार निवडून सर्व्हे किंवा गट नंबर टाकला की स्कॅन केलेली पानं दिसतात. माणसाच्या नावाने शोध तिथे होत नाही, ही खरी अडचण. त्यावर उपाय म्हणजे जुने फेरफार गाववार ओळीने वाचणं. कंटाळवाणं काम आहे, पण वारसनोंदीच्या फेरफारात मयताची तारीख आणि सगळे वारस एका जागी मिळतात.

नंबरांचा घोळ आधी सोडवा. विखुरलेले तुकडे एकत्र करायची एकत्रीकरण योजना (कायदा १९४७ चा) झाली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या गटावरून १९२० चा फेरफार सापडणार नाही. भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात एकत्रीकरणाचा जबाब मागा, त्यात गटासमोर जुना सर्व्हे नंबर असतो. खापरपणजोबांच्या भावकीचं एखादं घर चांदवडात अजून असेल तर त्यांच्या सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकांवरून मागे जाणं सगळ्यात सोपं.

एका ठिकाणी जवळजवळ सगळे घसरतात. नावापुढे ‘ए.कु.क.’ असेल तर ती एकत्र कुटुंब कर्त्याची नोंद. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलेलं असतं, धाकटे कागदावर दिसतच नाहीत. त्यालाच बाप समजून वंशावळ मांडली की पुढची अख्खी फांदी चुलत्याला जाऊन चिकटते. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. तिथे दिसणारी आई किंवा मामा मालक नव्हे.

जमिनीशिवायचा कागद म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४. गावातल्या जन्ममृत्यूची नोंद, तहसीलच्या अभिलेख कक्षात. बाळाचं नाव त्यात सहसा नसतं, ‘मुलगा, बाप अमुक’ एवढंच. आडनावही बऱ्याचदा नसतं. मृत्यूच्या बाजूला वय आणि कारण: ताप, पटकी, देवी, प्लेग. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदींसाठी ही दप्तरं पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणावर उघडली आणि बरीच स्कॅनही झाली, तेव्हा स्कॅन प्रत आहे का ते आधी विचारा. मूळ वहीची पानं उलटताना तुटतात, त्यामुळे ती द्यायला कुणी राजी नसतं.

अर्जात ‘सर्व जुनी माहिती मिळावी’ असं लिहू नका, तो तसाच परत येतो. गाव, नमुन्याचा क्रमांक आणि सालं लिहा. तोंडी दाद लागली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून आधी ‘अवलोकन’ मागा, नक्कल नंतर. उत्तराची मुदत ३० दिवस.

बोरू:
मोडीचं मी सांगतो. शंभर वर्षांपूर्वीचा गावचा कागद बहुधा मोडीतच असणार. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, आणि मोडी वाचकांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारता येते. वाचून घेणार असाल तर नावं दोघांकडून स्वतंत्रपणे वाचून घ्या. दुसऱ्याला पहिल्याचं वाचन दाखवू नका. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द सलग लिहितात, बोरू न उचलता. वाक्य संदर्भाने लागतं, पण विशेषनामाला संदर्भ नसतो. आणि तुम्हाला काय सापडायला हवंय ते वाचणाऱ्याला आधी सांगू नका, नाहीतर तेच ‘वाचलं’ जाईल.

नात्याचे शब्द थोडेच आहेत. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘सखू कोम राणू’ मध्ये राणू नवरा, बाप नव्हे.

सालं मात्र नीट बसवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, वर्षाच्या शेवटच्या तीनेक महिन्यांसाठी ७९. फसलीत (हे महसुली साल) ५९० मिळवा: फसली १२५० म्हणजे १८४०-४१. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत आणि एककाकडून सुरू होणारा. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे ५ + ७० + १०० + १०००, अकराशे पंच्याहत्तर. त्यात ५९९ मिळवा, १७७४-७५ आलं. हे साल मृगाला बदलतं, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांतल्या तारखेसाठी ६०० मिळवायचे. हा हिशेब चुकला की बाप मुलाच्या नंतर जन्मलेला दिसतो आणि लोक उगाच दुसरा माणूस शोधत बसतात.

सावरकुंड:
इतकं फिरण्यापेक्षा एखादा छापील कुलवृत्तांत का नाही बघत? सार्वजनिक वाचनालयात जुने असतील. शिवाय आता वंशावळ काढून देणाऱ्या संस्था आहेत, पैसे दिले की सात-आठ पिढ्या मिळतात.

घाटमाथा:
कुलवृत्तांत जरूर बघा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं आहे, तिथे बघणं रास्तच. पण त्यातल्या अलीकडच्या तीन-चार पिढ्या घराघरांतून पत्रं मागवून छापलेल्या असतात, त्या ठीक. मूळपुरुषाचं प्रकरण बहुधा ऐकीव. मूळ पुरुष अमक्या राजाबरोबर आला असं लिहिलं असेल आणि खाली कागद दिलेला नसेल तर ते पान उलटून पुढे जावं. पैसे घेऊन वंशावळ देणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: प्रत्येक पिढीसमोर कोणत्या कार्यालयातला कोणता कागद आहे? उत्तर नसेल तर ती वंशावळ भिंतीवर लावायच्या कामाची.

राहिली देशमुखी. ही तपासायला सगळ्यात सोपी गोष्ट आहे, कारण वतन होतं तिथे कागद झालेच. इनाम-वतनांचे हक्क तपासणारं इंग्रजांचं इनाम कमिशन १८५२ चं, त्याच्यापुढे वतनदारांना कैफियती आणि वंशावळी द्याव्या लागल्या. पुढे १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदारांची रजिस्टरं झाली, वारसाची प्रकरणं चालली. परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा १९५० चा, मुलकी पाटीलकी रद्द झाली १९६२ च्या कायद्याने. म्हणजे तुमच्या घराण्यात खरंच देशमुखी असेल तर चांदवड परगण्याच्या वतन रजिस्टरात नाव निघायला हवं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्याच नावाने मागा. निघालं तर जुनं आडनाव आणि चार-पाच पिढ्या एका दमात मिळतील. नाहीच निघालं तर पाटील, चौगुला, शेटे, महाजन यांतलं काही होतं का ते बघा. गावकीतला कुठलाही मान घरातल्या गोष्टीत पुढे देशमुखी होऊन बसतो.

फेरफार_क्रमांक:
एक राहिलं. नक्कल घेताना साधी झेरॉक्स घेऊ नका, प्रमाणित नक्कल घ्या. पुढे जात पडताळणीला किंवा वारसाच्या कामाला तीच चालते. प्रत्येक नकलेच्या मागे पेन्सिलीने कार्यालय, वहीचं नाव, साल, पान आणि अनुक्रमांक लिहून ठेवा. कागद सापडले नाहीत तेही लिहा: ‘नमुना १४, मौजे अमुक, १८९५ ते १९००, पाहिलं, नाही.’ नाहीतर पुढच्या वर्षी तुमचाच चुलतभाऊ तीच वही पुन्हा मागायला रांगेत उभा राहील. वाड्याच्या दस्ताची नक्कल आली की ‘मूळ राहणार’ची ओळ इथे टाका, मौजे कुठलं ते कळल्यावर पुढचं बघू.